कृष्णधवल फोटोतली हिरवट झाक

नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल तालुक्यातल्या उलवे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर अशा गावांतली घरं हलली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटनही झालं. पण ते जुनं अंगण, ती ओटी आता पाहायची तर घरातल्या कृष्णधवल फोटोंतच. असे फोटो स्कॅन करून नव्यानं छापून देणं, हे माझं पनवेलमधलं काम. लोकांचा प्रश्न बहुधा एकच असतो : ‘दादा, आमची आजी हिरवट का दिसते?’

मंडळी, उत्तर सोपं आहे. जुन्या फोटोतला काळा म्हणजे चांदीचे बारीक कण. कागद जुना झाला तर तो पिवळा, तपकिरी पडतो; आपला आपण हिरवा होत नाही. लॅबमधल्या रंगीत फोटोच्या कागदात मात्र काळा रंगच नसतो. निळसर, किरमिजी आणि पिवळा या तिघांच्या समतोलातून करडा तयार होतो. एकाचं पारडं जरा जड झालं, की झाक आलीच. रंगीत फोटोत ती खपून जाते. साडीचा हिरवा थोडा वेगळा दिसला तर कोण पाहतो? करड्यात मात्र लगेच डोळ्यांत भरते.

मग करायचं काय? स्कॅन रंगीतच करा आणि ती मूळ फाइल जपून ठेवा. तिच्या प्रतीतले रंग काढून टाका. आता लाल, हिरवा, निळा यांचे आकडे प्रत्येक ठिकाणी सारखे असतात. तरीही झाक आली, तर दोष फाइलचा नाही. मशीन, शाई किंवा कागद यांचा आहे. लॅबवाल्याला आपोआप होणारी रंगदुरुस्ती बंद ठेवायला सांगा. मोठी प्रत काढण्याआधी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या पायऱ्यांची छोटी पट्टी छापून घ्या.

इंकजेट प्रिंटरवर छापत असाल, तर काळ्याबरोबर करड्या शाया असलेलं यंत्र निवडा. एप्सनने २००५ मध्ये काळ्याच्या तीन छटा असलेला शायांचा संच आणला, तेव्हापासून हे काम पुष्कळ सोपं झालं. कृष्णधवल छपाईचा पर्याय असेल तर तोच वापरा, आणि कागदाचा प्रकार बरोबर निवडा. प्रत एक दिवस वाळू द्या.

शेवटी ती ट्यूबलाइटखाली पाहा आणि दिवसाच्या उजेडात, व्हरांड्यातही पाहा. काही शाया एका उजेडात करड्या आणि दुसऱ्यात गुलाबी किंवा हिरव्या दिसतात. फोटो घरात जिथे लावायचा, तिथला उजेड महत्त्वाचा.

कुणाला हलकी तपकिरी छटा आवडते. जरूर घ्या, किंचित फरक तिच्यात झाकलाही जातो. पण ती आपण ठरवून घेतलेली असावी, मशीननं लादलेली नव्हे. घर पुन्हा उभं करता येत नाही. त्या घराचा फोटो तरी जसा होता तसा मागून घेणं आपल्या हातात आहे.