मुठीला टाकी लावताना



प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलायचं असं ठरलंय. डॉक्टर झाले, वकील झाले, शिक्षक झाले. मी चाकूच्या मुठी खरखरीत करतो. हसा, आमच्या आईलाही हा धंदा अजून पटलेला नाही.

भोसरीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. घडीच्या चाकूंना टायटॅनियमच्या मुठी बनवतो, त्यातल्या बहुतेक परदेशी जातात. हा धातू गंजत नाही आणि हलका असतो. पोलादाची घनता 7.8, तर याची 4.5. आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूत सापडणारं इल्मेनाइट हे याचंच खनिज. पण गुळगुळीत घासलेली मूठ घामट हातात साबणासारखी सटकते. म्हणून तिला पोत द्यायचा.

पोत म्हणजे काय, हे या सभागृहात समजावून सांगायला नको. पाटा गुळगुळीत झाला की आपल्या आया टाकी लावून घेत. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. माझं काम त्याच जातीचं, फक्त धातू हट्टी. त्यातून उष्णता लवकर वाहून जात नाही. ती कटरच्या टोकालाच साठते आणि टोक बसतं. बारीक कीस पेट घेतो, आणि त्यावर पाणी टाकायचं नसतं, म्हणून मशीनजवळ कोरड्या वाळूची बादली ठेवावी लागते.

काचेच्या बारीक मण्यांचा मारा केला की मूठ छान मंद, राखाडी दिसते, पण तिच्यावर नखाचा ओरखडाही उठून दिसतो. मग ती दगडांबरोबर फिरत्या पिंपात घोळवायची. गोल टोकाच्या कटरने आडव्यातिडव्या चऱ्या पाडल्या तर पकड खरी येते. रंग सगळ्यात शेवटी. सोड्याच्या पाण्यात मूठ बुडवून तीसेक व्होल्टची वीज दिली की ती निळी होते. रंग कुठलाच लावलेला नसतो. वर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि पाण्यावर सांडलेल्या तेलासारखा रंग दाखवतो. गिऱ्हाईक फोटोत हेच बघतं. मला स्वतःला रंगाचं फार कौतुक नाही.

आता रावेरचं. आपल्यातलाच एक जण, नाव सांगू नको म्हणालाय, केळीचा घड उतरवत होता. विळ्याच्या मुठीला चीक लागलेला, विळा हातातच फिरला. आज त्याची दोन बोटं मिटत नाहीत. तो मला म्हणाला, "भो, तुझ्या त्या मुठीचं आम्हाला काय?"

खरंच होतं. त्या एका मुठीच्या किमतीत विळ्यांचा ढीग येईल. पण टायटॅनियम महाग आहे, पोत नाही. मी बाभळीच्या चार मुठी घेतल्या. मण्यांच्या माऱ्यासारखा बारीक पोत इथे निरुपयोगी, चीक त्यात भरतो आणि वाळला की मूठ पुन्हा गुळगुळीत. म्हणून रुंद चऱ्या पाडल्या, दोन मिलिमीटरच्या, दोन्ही कडांना उघड्या, म्हणजे काडीने खरवडता येतात. ओढ लांबीच्या दिशेने असते, म्हणून चऱ्या आडव्या. हात फिरू नये म्हणून मूठ गोल न ठेवता चपटी केली. कंगोऱ्यांची धार कानशीने मारली, नाहीतर फोड येतात. करंगळीखाली एक बोंड ठेवलं.

हे विळे कापणीच्या एका टोळीला दिले. तीन अजून वापरात आहेत. चौथ्याने वरून सायकलची ट्यूब गुंडाळली, त्याला कंगोरे बोचतात. त्याचा पंजा मोठा आहे, त्याच्यासाठी जाड मूठ चालू आहे. बोटं गेलेल्या आपल्या मित्राला साधी मूठ आवळताच येत नाही. त्याच्या उरलेल्या बोटांचा ठसा मी ओल्या मातीत घेतलाय, पण अजून मनासारखं जमलेलं नाही.

मागच्या टेबलावर बाभळीची एक आणि टायटॅनियमच्या दोन मुठी ठेवल्या आहेत. पाती लावलेली नाहीत, काळजी नको. फक्त आत्ता हात लावू नका. भरीत खाऊन झाल्यावर, हात धुवायच्या आधी या.