कंबोडिया पाहताना

वणीसारख्या गावातून कुणी परदेशी जाऊन आलं, की आठ-पंधरा दिवस लोक भेटायला येतात. चहा होतो, फोटो पाहून होतात आणि मग ठरलेला प्रश्न येतो, ‘काय काय पाहिलं?’ आम्ही दोघं कंबोडियाला जाऊन आलो, तेव्हाही हेच झालं. अंगकोरच्या देवळांचे फोटो भरपूर होते. ते दाखवणं सोपं गेलं. पण ज्याचा फोटो काढता आला नाही, त्याविषयी काही सांगता येईना. आज तेच सांगण्याचा विचार आहे.

मी शाळामास्तर. सारा जन्म इतिहास शिकवण्यात गेला. अंगकोर वाटचं चित्र पुस्तकात किती वेळा पाहिलं होतं! बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा दुसरा सूर्यवर्मन याने ते विष्णूसाठी बांधलं; पुढे ते बौद्धांचं झालं. आमच्या वणीचं दैवत रंगनाथस्वामी, म्हणजे विष्णूच. त्यामुळे तिथे परकं असं वाटलं नाही. पश्चिमेकडच्या लांबलचक ओवरीत भिंतभर कुरुक्षेत्र कोरलं आहे. शरपंजरी पडलेले भीष्म मी लांबूनच ओळखले. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन आहे, सुमारे ४९ मीटर लांबीचं. एका बाजूला ८८ देव, दुसऱ्या बाजूला ९२ असुर आणि मध्ये वासुकीचा दोर.

आमच्या सोबत तिथलाच एक वाटाड्या होता. पन्नाशीचा, शांत, बेताचंच बोलणारा. त्याला इंग्रजी चांगलं येत होतं. मी मास्तर असल्याने त्यालाच महाभारत समजावून सांगू लागलो. त्याने ते निमूट ऐकून घेतलं. आपल्या लोकांचं या देवळाशी आणखीही एक नातं आहे. १९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळींनी अंगकोर वाटची डागडुजी केली. तेव्हा देशात यादवी चालू होती, आसपासच्या रानात सुरुंग पेरलेले होते. पुढे ता प्रोम या झाडांच्या मुळांनी वेढलेल्या देवळाचं कामही भारताने हाती घेतलं. तिथलं नर्तकींचं दालन २०२२ मध्ये पुन्हा उभं राहिलं. हे सगळं मी वाटाड्याला अभिमानाने सांगितलं.

मग मी एक चूक केली. आपल्याकडे रेल्वेत शेजारी कुणी बसला, की गाव कोणतं, वडील काय करतात, भावंडं किती, हे आपण सहज विचारतो. त्यात आपुलकीच असते. मी त्यालाही विचारलं, ‘वडील काय करायचे? भाऊ-बहिणी किती?’ तो थोडा थांबला. म्हणाला, ‘सर, पुढे पायऱ्या आहेत. जपून उतरा.’

दुपारी त्याने आम्हाला बाफुओन नावाच्या देवळाकडे नेलं. हे अकराव्या शतकातलं शिवमंदिर. १९६० च्या दशकात ते ढासळायला आलं होतं, म्हणून फ्रेंच तज्ज्ञांनी ते सुटं करायला घेतलं. सुमारे तीन लाख दगड उतरवून आजूबाजूच्या रानात मांडले. कोणता दगड कुठला, याची टिपणं होती. तेवढ्यात युद्ध आलं आणि काम थांबलं. पुढे राजधानीत ठेवलेली ती टिपणंही नष्ट झाली. रानात नुसते दगड उरले. १९९५ मध्ये पुन्हा काम सुरू झालं. आपल्या हेमाडपंती देवळांसारखंच तिथेही चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेला. त्यामुळे एका जागी एकच दगड नेमका बसणार. एकेक दगड जुळवत २०११ मध्ये काम पुरं झालं. वाटाड्या एवढंच म्हणाला, ‘दगड होते. कागद नव्हते.’

श्रोतेहो, इथे थोडा इतिहास सांगायला हवा. कंबोडिया १९५३ मध्ये स्वतंत्र झाला. शेजारच्या व्हिएतनाममधल्या युद्धाची झळ त्याला लागली. १९६९ ते १९७३ अमेरिकेने त्याच्या खेड्यांवर बाँब टाकले. १९७० पासून यादवी सुरू झाली. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या पोल पॉटच्या संघटनेने राजधानी नॉम पेन्ह घेतली आणि लाखो माणसांना शहराबाहेर हाकललं. पैसा रद्द, शाळा बंद, देवळं बंद. शिकलेला माणूस म्हणजे शत्रू. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी फौजांनी ही राजवट संपवली. पावणेचार वर्षांत उपासमारीने, रोगाने, कष्टाने आणि हत्यांनी पंधरा ते वीस लाख माणसं गेली. म्हणजे चारा-पाचांत एक! त्यानंतरही लढाई चालू राहिली. १९९१ मध्ये पॅरिसला करार झाला आणि १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणूक झाली. त्या शांतिसेनेत भारतीय जवानही होते.

शेवटच्या दिवशी आम्ही नॉम पेन्हला होतो. कार्यक्रमात तुओल स्लेंग होतं. आमच्या सौ. म्हणाल्या, ‘काहून पाहायचं ते? फिरायला आलो ना आपण? तुम्ही जा, मी बसते बाहेर.’ वाटाड्याही आत आला नाही. मी एकटाच गेलो.

ती शाळा होती. तिमजली इमारती, लांब व्हरांडे, मध्ये पटांगण. १९७५ नंतर तिचा तुरुंग झाला. वर्गांत विटांच्या भिंती घालून हातभर रुंदीच्या कोठड्या केल्या. मुलांच्या कसरतीचा लाकडी सांगाडा छळासाठी वापरला. किमान बारा हजार माणसं इथे आणली गेली. वाचली ती बोटांवर मोजण्याइतकी. आणलेल्या प्रत्येकाचा फोटो काढला जाई. ते फोटो आज भिंतींवर ओळीने लावले आहेत. त्यात मास्तर आहेत, डॉक्टर आहेत, आया आहेत, पोरं आहेत. एका वर्गात फळा अजून तसाच आहे. मी कितीतरी वेळ त्या फळ्यासमोर उभा होतो. माझ्या डोळ्यांवर चष्मा होता, आणि त्या काळात चष्मासुद्धा संशयाला पुरेसा असे. मी कॅमेरा पिशवीत टाकला.

बाहेर आलो तर सौ. आणि वाटाड्या झाडाखाली बसलेले. घरून नेलेल्या शंकरपाळ्यांचा डबा दोघांच्या मध्ये उघडा होता. माझ्याशी कुणी काही बोललं नाही. रात्री हॉटेलात सौ.नी सांगितलं. त्याचे वडील शिक्षक होते. तो लहान असतानाच त्यांना घेऊन गेले. कुठे, ते कधीच कळलं नाही. मोठा भाऊ भुकेने गेला. त्याला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नाही. कार्डावर आहे ती कारकुनाने अंदाजाने लिहिलेली. मी विचारलं, ‘मला सांगितलं नाही, तुला कसं सांगितलं?’ त्या म्हणाल्या, ‘मी काही विचारलंच नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत एवढंच म्हटलं, घरचं आहे, खा.’

इतकी वर्षं इतिहास शिकवूनही ही गोष्ट मला सुचली नव्हती. दुःखातून उठणाऱ्या देशाकडे आपण जातो ते पाहायला. पण सांगायचं की नाही, केव्हा आणि कुणाला, हे ठरवण्याचा हक्क त्या माणसांचा असतो. दगडाचंही तेच आहे. जोर लावून तो जागेवर बसत नाही.

म्हणून कुणी जाणार असाल तर जरूर जा. तुमच्या पैशाचा तिथे उपयोग आहे. अंगकोरचं एका दिवसाचं तिकीट २०१७ मध्ये ३७ डॉलर झालं, त्यातले दोन डॉलर मुलांच्या रुग्णालयाला जातात. वाटाड्या तिथलाच घ्या. देवळांच्या वाटेवर सुरुंगात हातपाय गमावलेली माणसं वाद्यं वाजवत बसतात. ते भीक मागत नाहीत. घटकाभर थांबून ऐका आणि मोबदला द्या. आपल्या वणीच्या बाजूला सुरुंग म्हटला की खाणीतला. तो उडाला की भांडी हलतात आणि आपण विसरून जातो. तिथला सुरुंग शेतात असतो आणि चाळीस-चाळीस वर्षं वाट पाहतो. ते शोधायला शिकवलेले उंदीर आहेत. मगावा नावाच्या अशा एका उंदराला २०२० मध्ये सुवर्णपदक मिळालं! आणि आडरानात पायवाट सोडू नका.

तुओल स्लेंग २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं. त्याच महिन्यात, जुलैमध्ये, थायलंडच्या सीमेवर पुन्हा तोफा धडाडल्या आणि गावंच्या गावं घर सोडून निघाली. ती बातमी वाचली, तेव्हा सौ.नी पहिलं विचारलं, ‘तो बरा असेल ना?’

आता कुणी विचारलं, ‘काय पाहिलं?’ तर आधी मी अंगकोरचे फोटो दाखवतो. समोरचा थोडा वेळ बसणार असेल, तर मग हे सांगतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)