हायड्रा, मासा आणि माझी कंबर
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी उभ्यानेच बोलणार आहे आणि नंतरही मागे उभीच राहीन. रुसलेली नाही, कंबर धरली आहे. वीस वर्षं डोंबिवली-ठाणे लोकल आणि दिवसभर कॉम्प्युटर. मणक्यांमधली एक गादी सरकली आहे. निम्म्या माना डोलताहेत, म्हणजे मी एकटी नाही.

बाई, तुम्ही जर्नलमध्ये हायड्रा काढायला लावला होतात. माझा केळीच्या घडासारखा आला म्हणून पान परत काढायला लागलं. मधोमध कापला तर वरच्या अर्ध्याला बूड फुटतं आणि खालच्याला डोकं, हे पुनर्जनन मी पाठ केलं ते मार्कांपुरतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी याच हायड्रावर अनेक वर्षं काम केलं, हे मला चाळिशीनंतर कळलं.

कळलं ते एका बातमीमुळे. २०२३ साली त्याच संस्थेतल्या डॉ. चिन्मय पात्रा यांच्या गटाचं काम प्रसिद्ध झालं. त्यांचा प्राणी झेब्राफिश, मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो तो बोटभर पट्टेवाला मासा. मूळचा आपल्याकडच्याच नद्यांतला. त्याच्या हृदयाच्या जवनिकेचा पाचवा हिस्सा कापला तरी दोन महिन्यांत भरून येतो, हे २००२ साली अमेरिकेत दिसलं होतं. पुण्यात पाहिल्या त्या त्याच्या मणक्यांमधल्या गाद्या. तिथल्या पेशी सीसीएन-टू-ए नावाचं प्रथिन सोडतात. त्याच्या जोरावर म्हाताऱ्या माशाच्या झिजलेल्या गादीतही नव्या पेशी तयार होतात, असलेल्या तग धरतात.

मी ती बातमी आईला वाचून दाखवली आणि फिजिओथेरपी बंद केली. औषध येतंच आहे, कशाला रोज पाय ताणत बसा! आठ महिन्यांनी डाव्या पायाचा अंगठा बधिर झाला.

माझ्या धंद्यात टेस्ट सर्व्हरवर चाललेलं तसंच प्रॉडक्शनला टाकलं की रात्री दोनला फोन वाजतो. हे मला माहीत असून! तो मासा पाण्यात आडवा तरंगतो, दारात लटकून ठाणं गाठत नाही. माशापेक्षा उंदीर आपल्याला जवळचा. एक दिवसाच्या पिल्लाचं हृदय भरून येतं, पण सात दिवसांच्या पिल्लाचं नाही, असं २०११ साली दिसलं. कोड आहे, कुणीतरी कमेंट करून ठेवलाय, असं माझं इंजिनिअरी डोकं म्हणतं. पण तो माणसात पुन्हा सुरू करता येईल का, आणि केला तर आणखी काय काय वाढत सुटेल, हे शोधायला वेळ लागणार. माझी कंबर तोवर थांबणार नाही.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे तीच बातमी गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर फिरली आणि खाली एकाने लिहिलं, ‘ऑपरेशनची तारीख रद्द केली.’ नाव घेत नाही. त्याने जेवणाआधी मला भेटावं, डॉक्टरांकडे मी सोबत येते. मी मागे उभीच आहे.