हौशी खेळाडूची बिदागी



क्रिकेटवर बोलावयास युनियनचा माणूस कशाला, असे आपल्यास वाटेल. पण आम्हांला मजुरीचा हिशेब समजतो, आणि डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्या चरित्रात तो फार आहे.

ग्रेस १८४८ साली ब्रिस्टॉलजवळ जन्मले आणि ग्लॉस्टरशायर काउंटीकडून खेळले. इंग्लंडात तेव्हा खेळाडूंच्या दोन जाती. हौशी तो ‘जंटलमन’, मजुरी घेणारा तो नुसता ‘प्लेयर’. गुणफलकावर हौशी माणसाला ‘मिस्टर’ लागे. हा भेद थेट १९६२ साली रद्द ठरला.

ग्रेस कागदोपत्री हौशी. परंतु १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांना १,५०० पौंड आणि वर खर्च मिळाला. धंदेवाईकांस प्रत्येकी १७०! १८९५ साली, सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी एकट्या मे महिन्यात हजार धावा काढल्या, तेव्हा लोकवर्गणीची थैली नऊ हजारांवर गेली. माणूस खोटा नव्हता. गरीब रोग्यांचा कनवाळू डॉक्टर म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांच्या खेळाला गर्दी लोटे, तेव्हा बिदागीबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती तिला ‘खर्च’ म्हणण्याबद्दल.

ऑगस्ट १८९६ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाशी कसोटी होती. कप्तान ग्रेस. ऐन वेळी लोमन, गन, एबल, हेवर्ड आणि रिचर्डसन या पाच धंदेवाईकांनी दहाऐवजी वीस पौंड मागितले. वर्तमानपत्रांतून ग्रेस यांच्या कमाईची चर्चा उठली, तेव्हा सरे काउंटीला खुलासा करावा लागला, की डॉक्टरांना ओव्हलवर सामन्यामागे दहा पौंड केवळ खर्चापोटी दिले जातात.

एबल, हेवर्ड, रिचर्डसन सरेचेच नोकर. ते नमले आणि खेळले. त्यांना आम्ही फितूर म्हणणार नाही. मालक घरचा असला म्हणजे संप किती जड जातो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. गन यांचा बॅटींचा स्वतःचा धंदा होता, ते अडून राहिले. लोमनही सरेचेच, तरी तेही खेळले नाहीत. सामना इंग्लंडने ६६ धावांनी जिंकला, म्हणजे मंडळींना त्यांची उणीवही भासली नाही.

१८९९ साली कसोटीची मजुरी वीस पौंड झाली, आणि गन त्या वर्षी पुन्हा इंग्लंडकडून खेळले. लोमन, ज्यांनी अवघ्या अठरा कसोटींत ११२ बळी घेतले होते, ते मात्र इंग्लंडकडून पुन्हा कधीच खेळले नाहीत. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेत क्षयाने ते वारले, तेव्हा त्यांचे वय छत्तीस होते.