कोल्हापुरी वहाणेचे पेटंट कोणाचे?



2025 च्या जून महिन्यात मिलान येथे प्राडा या इटालियन फॅशनसंस्थेने पुरुषांसाठी जो संग्रह सादर केला, त्यातील काही पादत्राणे उघडउघड कोल्हापुरी घडणीची होती. कोल्हापूरचे नाव मात्र कोठेही नव्हते. महाराष्ट्रात संताप उसळला आणि ‘आपल्या कारागिरांनी वेळीच पेटंट का घेतले नाही?’ असा प्रश्न पुढे आला.

प्रश्न स्वाभाविक आहे. उपाय मात्र चुकीचा आहे. 1970 च्या भारतीय पेटंट कायद्यानुसार कलाकृतींना अथवा परंपरागत ज्ञानाला पेटंट मिळत नाही. आणि समजा, पूर्वी कधी एखाद्या कारागिराला ते मिळाले असते, तर आजच्या मुदतीप्रमाणे वीस वर्षांत ते संपले असते. शिवाय त्या वीस वर्षांत शेजारच्या घरातील कारागिराला तशी वेणी घालण्यास मनाई झाली असती. कातडे बाभळीच्या सालीत कमावण्यापासून पट्ट्यावरील बारीक वेणीपर्यंत ही विद्या एकाने दुसऱ्याचे पाहूनच वाढविली. कापशीसारखे घाट असेच रूढ झाले. नवनिर्मितीला येथे मक्तेदारीची गरज कधी भासलीच नाही.

गरज होती ती नावाच्या रक्षणाची. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना. ज्या सीमेवरून दोन राज्ये अनेक दशके भांडत आली, तिच्या दोन्ही अंगांना वहाण एकच आहे, हे निदान नोंदवहीने तरी मान्य केले! नोंदणी आहे मुंबईच्या लिडकॉम आणि बेंगळुरूच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळांकडे.

तथापि मानांकन नावाचे रक्षण करते, आकाराचे नव्हे. आणि प्राडाने नाव वापरलेच नव्हते. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणातील जनहित याचिका फेटाळली. दाद मागायची तर ती नोंदणीधारकांनी, असा त्या निर्णयाचा आशय होता. डिसेंबरात प्राडाने दोन्ही महामंडळांशी करार केला. त्यानुसार दोन्ही राज्यांत 2,000 जोड घडवून ते सुमारे 800 युरोंना विकायचे ठरले.

अथणीत वेणी घालण्याचे काम बहुधा स्त्रिया करतात. त्या 800 युरोंत त्यांचा वाटा किती, हे महामंडळांना विचारावे लागेल; त्यांपैकी एकाचे कार्यालय याच शहरात आहे.