रविवारचा वर्ग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवीपर्यंत शिकले, पुढे चूल आणि वाडी. तेव्हा मोठ्या विषयाला हात न घालता आमच्या आळीतलीच हकिगत सांगते.

आपल्या गावात तरुणांची मंडळे आहेत. गणपती, नवरात्र, क्रिकेटचे सामने यांत त्यांचे वर्ष जाते. मुले वर्गणीला आली की आपण कुरकुरतो आणि द्यायची ती देतो. असो. आमच्या आळीतल्या मुलांनी गेल्या पावसाळ्यात मात्र निराळेच काम काढले. रविवारी दुपारी वर्ग भरवू लागली. पुस्तक नाही, परीक्षा नाही. शिकवणारेही गावचेच. वायरमनचे काम करून घरी बसलेले एक काका, पंप दुरुस्त करणारा एक मुलगा आणि एक गवंडीदादा.

याची गरज होती. आपली मुले बारावी होतात आणि बोईसरला ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागतात. हातात काही कसब नसले, तर वर्षानुवर्षे ओझीच उचलावी लागतात.

काकांनी पहिल्या दिवशी काय शिकवले, ते माझ्या मुलाने घरी येऊन सांगितले. मीटरच्या पेटीतले साधे बटण जास्त भार झाला की पडते. ते तारा जळू नयेत म्हणून असते. माणसाला धक्का बसला तर ते पडेलच असे नाही. माणूस वाचवायला निराळे यंत्र लागते. वीज भलत्या वाटेने जाऊ लागली, की ३० मिलिअँपिअरच्या आतच ते पुरवठा तोडते. शिवाय अर्थिंग धड हवे. समुद्राच्या खाऱ्या हवेने आपल्याकडे तारांचे सांधे लवकर गंजतात, म्हणून ते पावसाळ्याआधी जाणत्याकडून तपासून घ्यायचे.

हे ऐकून माझ्या मनात आले, वाडीत पंप चालू कोण करते? आपणच ना? ओले पाय, ओले हात, आणि बटण दाबायचे. मग वर्गात सगळे मुलगेच कसे?

नववीतली एक मुलगी तीन रविवार दारात उभी राहून ऐकत होती. मुले तिला आत घ्यायला तयार होती. पण “पोरीच्या जातीला पाना-पकड कशाला?” असे म्हणणारे घराघरांतून निघाले. आणि भगिनींनो, राग मानू नका, त्यांत पुरुषांपेक्षा बायकाच जास्त होत्या.

पुणे जिल्ह्यात पाबळ हे दुष्काळी गाव आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. त्यांचा शिक्षणक्रम पुढे कितीतरी खेड्यांतल्या शाळांनी घेतला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करायचे: वेल्डिंग-सुतारकाम, वीज, शेती आणि जनावरे, अन्न आणि आरोग्य. चारही कामे मुलग्यांनी आणि मुलींनी बरोबरीने शिकायची. शिकता शिकता गावाच्या उपयोगाची कामेही करायची. इतके लांब कशाला? आपल्याच जिल्ह्यात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवली होती. त्या काळी तेही लोकांना विचित्रच वाटले असेल.

आता माझी सूचना. आपल्या मंडळाची दोन शिलाई यंत्रे रविवारी झाकलेली असतात. ती या वर्गाला द्यावीत. मुलग्यांनी काज-बटण, पँटची दुमड शिकावी. मुंबईला खोली करून राहणाऱ्या मुलाला त्याचा उपयोगच होईल, आणि बायकोला थोडी उसंत मिळेल. बदल्यात आपल्या मुलींना विजेच्या आणि पंपाच्या वर्गात जागा मिळावी. कुणाला काळजी वाटत असेल, तर दर रविवारी आपल्यातल्या दोघींनी पाळीने तिथे बसावे. पहिल्या पाळीला माझे नाव लिहा. नुसते बसायला नव्हे हं, मलाही टेस्टर धरायला शिकायचे आहे.

यंत्र बिघडले तर काय, असे कोषाध्यक्षबाई विचारतील. पंप खोलणारी मुले यंत्रही खोलतील. सुया आणि दोरा वर्गाने आणावा, चिंध्या आपण घरून द्याव्यात.

आज सभेत याला मान्यता मिळाली, तर येत्या रविवारपासून सुरुवात करता येईल. एका यंत्राचा पट्टा सैल झाला आहे आणि दोन्हींना तेल घालायचे राहिले आहे. ते मी शनिवारी करून ठेवीन.