जवारी लागली का?

माझ्या घरातल्या जुन्या स्पीकरची झालर गळून पडली, तिथून ही हकिगत सुरू होते. स्पीकरमध्ये कागदाचा एक शंकू असतो आणि त्याच्या कडेनं फोमची झालर चिकटवलेली असते. त्या झालरीच्या आधारानं शंकू मागेपुढे हलतो, हवा हलवतो आणि आपण त्याला आवाज म्हणतो. हा फोम वीस-पंचवीस वर्षांत आपसूक विरतो. पावसाळ्यातल्या एका सकाळी कॅसेट लावली, तानपुऱ्याचा खर्ज लागला आणि कुणी पत्रावळ फडफडवावी तसा आवाज आला. जाळी काढून बोट फिरवलं, तर बोटाला काळा चुरा.

बायको म्हणाली, “नवे आणा. पण ऐकून आणा. वांगीसुद्धा आपण उलटीसुलटी करून घेतो.”

ती माझ्या मामूंची मुलगी. मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे, तेव्हा त्याबद्दल अधिक सांगत नाही. मामूंबद्दल मात्र सांगायला हवं. मामू मिरजेत तानपुरे बनवायचे. मिरजेत हे काम दीडशे वर्षांहून अधिक काळ चाललं आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. माझं अर्धं बालपण भोपळ्यांच्या ढिगाशेजारी आणि लाखेच्या वासात गेलं.

तानपुऱ्यात सगळ्यात नाजूक काम जवारीचं. तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. ती दिसायला सपाट, पण तिला नजरेला न दिसणारा उतार असतो. तार तिच्यावर नुसती टेकलेली नसते, तिला घासत थरथरते आणि मूळ स्वराच्या वर बारीक स्वरांची एक झुळूक उठते. ती जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून तिची नेमकी जागा शोधायची. धागा केसभर इकडे-तिकडे झाला की तार मुकी होते. मामू कानस फिरवायचे, फुंकर मारायचे, धागा सरकवायचे, तार छेडायचे आणि समोर जो असेल त्याला विचारायचे, “लागली का?” आम्ही पोरं “हो” म्हणायचो. ही विचारायची रीत असावी असं मी समजत होतो.

तर स्पीकर. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिला घेऊन तिथल्या एका मोठ्या दुकानात गेलो. खिशात तीस हजार रुपये होते, बँकेतल्या कारकुनाच्या मानानं ही रक्कम लहान नाही. विक्रेत्यानं थंडगार खोलीत बसवलं आणि तीन जोड्या ऐकवल्या. गाणं एकच, तेही त्याच्याच पसंतीचं, ढोलांनी भरलेलं. तिसरी जोडी पंचेचाळीस हजारांची. ती लागली आणि मी हरखलोच. वाटलं, आतापर्यंत आपण कांबळं पांघरून गाणं ऐकत होतो. हप्त्यांचं विचारणार, तेवढ्यात मुलीनं कोपरानं ढोसलं. बाहेर आल्यावर म्हणाली, “अब्बा, तिसरी जोडी लावताना त्यानं आवाजाचं बटण फिरवलं. तुम्ही डोळे मिटून बसला होता.”

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. कवी माणूस एकदा एखाद्या गोष्टीच्या नादी लागला की घरच्यांची खैर नसते. पहिली गोष्ट कळली ती अशी की आपल्या कानाला जरासा मोठा आवाज ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरक असला तरी आपण म्हणतो, हा स्वच्छ आहे, हा मोकळा आहे. आणि बटण न फिरवताही हा फरक पडतो. प्रत्येक स्पीकरची संवेदनक्षमता वेगळी. एक वॉट दिला तर एक मीटरवर कुणी ८६ डेसिबल देतो, कुणी ८९. तीन डेसिबलचा हा फरक भरून काढायला ॲम्प्लिफायरला दुप्पट ताकद लावावी लागते. म्हणून दोन जोड्यांची तुलना करायची तर आधी दोघींचा आवाज सारखा करून घ्यायचा. तराजूची पारडी समान नसतील तर माप कसलं?

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच मांडून ठेवली आहे. आवाज लहान असला की आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो, आवाज वाढवला की तो वर येतो. दुकानात सगळं दणक्यात वाजवतात. घरी रात्री नऊनंतर शेजाऱ्यांची झोप सांभाळून ऐकायचं असतं. तेव्हा दुकानातही घरच्याइतक्याच आवाजात ऐकावं. विक्रेता तोंड वाकडं करतो, करू द्यावं.

आणि डोळे. हे मला सगळ्यात गमतीचं वाटलं. कॅनडात फ्लॉइड टूल नावाच्या शास्त्रज्ञानं माणसांना पडद्याआड ठेवलेले स्पीकर ऐकवून वर्षानुवर्षं प्रयोग केले. पुढे तो अमेरिकेत गेला. तिथं शॉन ऑलिव्ह या सहकाऱ्याबरोबर त्यानं १९९४ साली जे प्रसिद्ध केलं त्याचा मथितार्थ असा: तेच श्रोते, तेच स्पीकर, पण समोर दिसत असताना दिलेले गुण आणि पडद्याआडून दिलेले गुण जुळत नाहीत. मोठं, देखणं, महाग खोकं दिसलं की कान त्याच्या बाजूनं साक्ष देतो.

याच्या कितीतरी आधी, १९१५ पासून, एडिसनच्या कंपनीनं अमेरिकेत गावोगाव जाहीर कार्यक्रम केले होते. रंगमंचावर गायिका आणि शेजारी तबकडीचं यंत्र. ती गाता गाता थांबायची आणि यंत्र पुढे गात राहायचं. कधी दिवे मालवायचे. उजेड आला की गायिका जागेवर नाही, गाणं मात्र चालूच. लोक म्हणायचे, काही फरकच कळत नाही! ॲना केस ही त्यांतली नावाजलेली गायिका. पुष्कळ वर्षांनी, म्हातारपणी, तिनं सांगून टाकलं की मी माझा आवाज त्या यंत्राइतका उतरवून गात असे.

हे वाचून मी खूप हसलो. बायकोलाही वाचून दाखवलं. ती हसली नाही. “बिचारी,” एवढंच म्हणाली.

मग कोल्हापूरच्या एका लहानशा दुकानात गेलो. मालक वयस्क, बोलणं कमी. मी घरून तीन सीडी नेल्या होत्या, पाठ असलेल्या. हे फार महत्त्वाचं: नव्या गाण्यावर स्पीकर पारखू नये, नाहीतर आपण गाण्याला दाद देतो आणि पैसे स्पीकरला. एक नुसता तानपुरा, एक ठुमरी आणि एक कवितावाचन. माणसाचं साधं बोलणं ही सगळ्यात कठीण परीक्षा, कारण माणूस कसा बोलतो हे आपल्याला जन्मापासून माहीत असतं. खोक्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटलं की ती जोडी बाद.

मालकानं स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढले, कारण भिंतीला आणि त्यातही कोपऱ्याला टेकले की खर्ज उगाच फुगतो. बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, ट्वीटर, माझ्या कानाच्या उंचीला आणला. दोन स्पीकर आणि मी असा समभुज त्रिकोण जमवला. तानपुरा लावला. मी म्हणालो, “डाव्या बाजूची जवारी मुकी आहे. हा नग खराब दिसतो.”

त्यांनी काही न बोलता डावा स्पीकर उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवला. मुकेपणा डावीकडेच राहिला. “मग वायर खराब,” मी म्हणालो. त्यांनी वायरी बदलल्या. तरी तेच. मग ते हळूच म्हणाले, “साहेब, राग मानू नका, खुर्ची फिरवून पाठमोरे बसता का?”

मी पाठमोरा बसलो. आता जो स्पीकर माझ्या डाव्या हाताला होता तो मघाशी उजवीकडे होता आणि ठणठणीत वाजत होता. तो आता मुका झाला होता.

मुलगी माझ्याकडे बघत होती. मालक सीडीच्या कव्हरांकडे बघत होते. भला माणूस.

कानाच्या डॉक्टरांनी आधी डाव्या कानातून मळ काढला. मला वाटलं, सुटलो, फोमचा चुरा तसा हा! पण मग काचेच्या खोलीत बसवून चाचणी केली. कागदावर आलेखाची रेघ दोन हजार हर्ट्झपर्यंत बरी चालली होती आणि पुढे जिना उतरावा तशी खाली जात होती. दोन्ही कानांची, डाव्याची जास्त. माणसाचा तरुण कान २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. वय वाढतं तसा वरचा मजला आधी रिकामा होतो. डॉक्टर म्हणाले, “स, श, फ, थ ही अक्षरं त्या वरच्या मजल्यावर राहतात. लोक बोलताना शब्द गिळतात असं वाटतं का तुम्हाला?”

वाटतं काय! आजकालची मुलं शब्द गिळतात, अशी तक्रार मी दोन संमेलनांत व्यासपीठावरून केली होती. एका कवितेत केली होती. ती कविता छापूनही आली होती.

मी मराठीत लिहितो. घरी आम्ही दखनी बोलतो. दोन भाषांमधल्या उंबऱ्यावर बसणाऱ्या माणसाचं भांडवल म्हणजे कान. कुठला शब्द कुठल्या घरातून आला हे तो आवाजावरून ओळखतो. ते भांडवल कधीपासून झिजत होतं, याचा मला पत्ता नव्हता. त्या रात्री जेवताना बायको माझ्या उजव्या हाताला बसली होती. “तू नेहमी इथंच बसतेस?” मी विचारलं. म्हणाली, “दोन वर्षं झाली.”

कोल्हापूरच्या मालकांनी अनामत ठेवून दोन जोड्या दोन दिवसांसाठी घरी दिल्या. एक अठ्ठावीस हजारांची, एक बावीसची. असं कुणी देत असेल तर जरूर न्याव्यात, कारण दुकानातली गालिच्याची खोली आपण विकत घेत नाही. आमच्या घरी शहाबादी फरशी, उघड्या भिंती. तिथं टाळी वाजवली तरी ती परत येते. मुलीनं मोबाईलवर मोजून दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा केला. पुढे चादर बांधली. कोणती कधी वाजते हे फक्त तिला माहीत.

मला पहिली आवडली. झगझगीत, जवारी अगदी समोर. मी कागदावर तसं लिहिलं. मग बायकोला बसवलं. ती “माझं काय काम” म्हणत पदराला हात पुसत आली. तानपुरा दोनदा ऐकला, ठुमरी एकदा, आणि उठता उठता म्हणाली, “दुसरी.”

“पहिलीत जवारी स्पष्ट आहे की,” मी म्हणालो.

“पहिलीत जास्त आहे. दुसरीत बरोबर आहे.”

चादर काढली. दुसरी म्हणजे बावीस हजारांची. नंतर कळलं, काही कंपन्या वरचे स्वर मुद्दाम थोडे चढवून ठेवतात, म्हणजे दुकानात पाच मिनिटांत गिऱ्हाईक खूश. माझ्या कानाला वरचं कमी पडत होतं, म्हणून ती वाढीव मात्रा मला गोड लागली. घरात ऐकणारे दोघं. एकाच्या कानाला सोयीचं ते दुसऱ्याला टोचणारं. कोणाच्या कानानं घ्यायचं, यावर मी रात्रभर विचार केला. रागही आला होता, खोटं कशाला बोलू.

सकाळी चहा देताना तिनं आपणहून सांगितलं. मामूंना शेवटची सहा-सात वर्षं जवारी ऐकू येत नव्हती. ते हातानं आणि सवयीनं काम करायचे आणि “लागली का?” खरोखरच विचारायचे. सगळे “हो” म्हणायचे. रात्री मामू झोपले की हिचा भाऊ कंदील घेऊन कारखान्यात जायचा, घोडीला पुन्हा कानस लावायचा, धागा बसवायचा. तार छेडायला आणि ऐकायला ही. तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची. मामू गेले तरी त्यांना हे कुणी सांगितलं नाही.

“सांगायला हवं होतं का?” मी विचारलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला सांगायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं होतं.”

बावीसची जोडी ठेवली, दुसरी परत केली. संध्याकाळी तानपुरा लावतो. मला जेवढा येतो तेवढा येतो.

डॉक्टरांनी श्रवणयंत्र घ्यायला सांगितलं आहे. तेही दोन-तीन प्रकारचे कानाला लावून, चार दिवस घरात वापरून मगच घ्यायचं असतं म्हणे. पुढच्या बुधवारी सांगलीला जायचं आहे. बायको सोबत येणार आहे. ठुमरीची सीडी पिशवीत टाका, म्हणाली.